वऱ्हाडच्या बर्लिनमधील राजदूतास

तीर्थरूप दादा,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमचे उपकार एवढे झाले आहेत की ते एकट्यानं पोटात ठेवणं आता जमत नाही. अकोटात असतो तर बसस्टँडवर चहा पिता पिता चार जणांना सांगून मोकळा झालो असतो. बर्लिनमध्ये तशी सोय नाही, म्हणून जाहीर लिहितो. तुमचं नाव मात्र कुठं घालत नाही. नाव लिहिण्याच्या बाबतीत तुमची तत्त्वं किती कडक आहेत, ते टपालपेटीच्या प्रसंगी मला कळलेलं आहे.

तुमचा पहिला फोन आला तो दिवस आमच्या घरी सणासारखा होता. पासपोर्टवर व्हिसा चिकटला होता, बाबांच्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढला होता आणि ब्लॉक्ड अकाउंटात ११,९०४ युरो जाऊन बसले होते. परदेशी विद्यार्थ्याला वर्षभर जगायला एवढे लागतात, महिन्याला ९९२ प्रमाणे, असा जर्मन सरकारचा हिशेब. रुपयांत बारा लाखांच्या आसपास. सगळं होतं, फक्त डोकं टेकायला जागा नव्हती. वसतिगृहाची रांग लांब, आणि भाड्याच्या खोल्यांसाठी मी रात्र रात्र अर्ज धाडत होतो त्यांचं उत्तरही येत नव्हतं. अशात दर्यापूरच्या मामांच्या ओळखीतून तुमचा नंबर आला.

तुम्ही आधी आडनाव विचारलंत, मग त्यावरून समाज ताडून घेतलात, मग म्हणालात, "अकोट म्हणजे? नरसिंग महाराजायच्या मंदिराकडचे का पोपटखेड रोडचे?" फोन स्पीकरवर होता. आईनं पदर डोळ्याला लावला. "टेन्शन कायले घेतं लेका? मी आहो ना. आपलाच मानूस हाय इथं," असं तुम्ही म्हणालात आणि शेवटी विचारलंत, "जेवला काय?" एवढ्या जर्मनांना अर्ज केले, एकालाही हे विचारावंसं वाटलं नव्हतं. बाबा म्हणाले, "झालं. आता पोराची काळजी नाही. त्याईले नमस्कार सांगजो."

डिपॉझिट दोन महिन्यांचं, ९०० युरो. इथल्या कायद्यात घरमालकाला तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं घेता येतं. तुम्ही दोनवर थांबलात, हा संयम. त्याच कायद्यात आणखी एक आहे की, डिपॉझिटची रक्कम घरमालकानं स्वतःच्या पैशापासून वेगळी ठेवावी. तेही तुम्ही पाळलंत. इतकी वेगळी ठेवलीत की ती थेट अमरावतीला, तुमच्या साळ्याच्या खात्यात गेली. "युरोची भानगड कायले? रुपयातच टाक."

मग आली सामानाची यादी. तूरडाळ दोन किलो, "सगळ्याय मिळून सैपाक करतो आपण". जवसाची चटणी, सरगुंडे, कुरडया. गावराणी तूप एक किलो. आणि खर्रा, "जितका बसते तितका". दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला प्रवाशांना बंदी आहे, हे तुम्हाला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असेल. कस्टमच्या दारातून तुम्हाला थोडंच जायचं होतं! मी आईला तूप काढून ठेवायला लावलं, तर ती तुमच्या वतीनं माझ्यावर रागावली.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी रात्री मी उतरलो. तुम्ही विमानतळावर आलात, हे कबूल करायलाच हवं. मी वाकून नमस्कार केला. तुम्ही खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "खर्रा आनला काय?"

घर चौथ्या माळ्यावर, लिफ्ट नाही. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आत अचलपूरचा एक, यवतमाळचा एक आणि नांदेडकडचे दोघं. वेगळ्या विदर्भाच्या गप्पा मारणारा माणूस मराठवाड्यालाही एवढं सामावून घेतो, हे पाहून बरं वाटलं. जातीपातीचं म्हणाल तर आडनाव विचारण्यापुरतीच ती होती. भाडं मात्र सर्वांना सारखं.

मला खिडकीकडची गादी मिळाली. तिचं भाडं महिन्याला ४५० युरो. बाबा कुठलीही रक्कम ऐकली की मनातल्या मनात तिचे क्विंटल करतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता, म्हणजे एका गादीचा एक महिना साडेपाच क्विंटलच्या वर गेला. "कापसाचीच आहे काय गादी?" त्यांनी विचारलं. फोमची होती, दादा.

दुसरा दिवस रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, कायद्यानंच. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काही उघडी असतात, पण नवीन माणसाला हे कोण सांगणार? तुम्ही सांगितलं नाहीत, कारण तुमच्याकडे त्याहून चांगली सोय होती. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं कुलूप तुम्ही उघडलंत. आत ब्रेड, अंडी, दूध, तांदूळ, सगळ्यांवर बाजारभावाच्या दीडपट चिठ्ठ्या. आणि एका कोपऱ्यात तूरडाळीच्या पिशव्या, अर्धा अर्धा किलोच्या. मी पैसे मोजून एक घेतली. तिच्या गळ्याशी लाल सुताची दुहेरी गाठ होती. आमच्या घरी डाळीची पिशवी अशी फक्त आई बांधते. आदल्या रात्री "कॉमन किचन"साठी मी तुमच्या स्वाधीन केलेली डाळ ती, चोवीस तासांच्या आत मी विकत घेतली. अकोल्याच्या डाळमिलवाल्यांनाही एवढी उलाढाल जमली नसेल.

नंतर नियम सांगितलेत. जिन्यात मोठ्यानं बोलायचं नाही. शेजाऱ्यानं विचारलं तर पाहुणा आहे म्हणायचं. बेल वाजली तर उघडायचं नाही. आणि नळाचं पाणी प्यायचं नाही, "जड हाय, किडनीले होते." खारपाणपट्ट्याच्या काठावर वाढलेल्या माणसाला पाण्याची भीती घालायला काय लागतं? पूर्णेच्या खोऱ्यात खाऱ्या पाण्यानं किडन्या गेलेली माणसं आम्ही नात्यात पाहिलेली आहेत. सगळे बाटलीचं पाणी आणू लागलो. बर्लिनचं नळाचं पाणी खरंच जड असलं तरी सारं शहर तेच पितं, हे नंतर वर्गात कळलं.

रिकाम्या बाटल्या दाराच्या मागे ठेवायच्या, हाही नियमच. शनिवारी तुम्ही वसुलीला यायचात आणि जाताना त्या दोन मोठ्या पिशव्यांत भरून स्वतः खाली न्यायचात. पोरांचा कचरा वाहणारा घरधनी! पुढं एकदा सुपरमार्केटमध्ये एक आजीबाई भिंतीतल्या गोल भोकात बाटल्या सरकवताना दिसल्या. बाटली आत जाऊन फिरायची, पडद्यावर २५ सेंट वाढायचे, शेवटी चिठ्ठी बाहेर यायची आणि ती चिठ्ठी गल्ल्यावर पैशांसारखी चालायची. अशी प्रत्येक बाटली घेताना आपण ती २५ सेंटची अनामत भरलेली असते. पाच जणांचं पाणी, दादा. जड होतं खरं.

बाटल्यांचं मी मनाला लावून घेतलं नाही. लहान माणसाची लहान चोरी, म्हणून सोडून दिलं असतं. पण रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या वर्गणीचं घ्या. ती दर महिन्याला १८.३६ युरो असते आणि घरामागे एकदाच भरायची असते, आत एक राहो की दहा. तुम्ही ती आमच्याकडून माणशी घेत होतात. टीव्ही घरात नव्हताच.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

या देशात नव्या घरात राहायला आलं की दोन आठवड्यांत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा दाखला लागतो. २०१५ च्या नोव्हेंबरपासून तो सक्तीचा आहे. मी तो मागितला तेव्हा तुम्ही हसलात. "ते जर्मन लोकायसाठी असते बे. आपल्याले दोन-चार महिने काई होत नाई." मग टपालपेटीवर नावाची चिठ्ठी लावू का विचारलं, तेव्हा मात्र हसला नाहीत. "डब्ब्यावर नाव नको लावू बाप्पा. घरमालक पाहीन त मले उठवीन." तेव्हा पहिल्यांदा समजलं की घरमालक कुणी तिसराच आहे.

या पेटीचं महत्त्व अकोटकरांना सांगायला हवं. आमच्याकडे पत्रावर बाबांचं नाव आणि 'जिनिंगमागे' एवढं असलं तरी पोस्टमन घरात आणून देतो, वर पाऊसपाण्याचं बोलून जातो. इथल्या पत्त्यात बहुधा फ्लॅटचा नंबरच नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, आणि पुढचं सगळं पेटीवरच्या नावावर. नाव नसेल तर पत्र आलं तसं परत. आणि जर्मनीत जे काही महत्त्वाचं असतं ते पत्रानंच येतं: विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, कर क्रमांक. माझं विम्याचं कार्ड घरापर्यंत आलं आणि परत गेलं. त्या विम्याला मी महिन्याला एकशेचाळीस युरोच्या आसपास भरतो, पण दात दुखला तेव्हा दवाखान्यात दाखवायला हातात काही नव्हतं. लवंग होती, आईनं दिलेली. ती तुमच्या यादीत नसल्यामुळे वाचली.

नोंदणी कार्यालयाची वेळ मला पहाटे पहाटे मोबाइल घासून मिळाली. समोरच्या बाईंनी पासपोर्ट पाहिला, अर्ज पाहिला, आणि दाखल्याच्या ओळीभोवती पेनानं एक गोल काढला. कागद कुठं आहे? नाही. का नाही? देत नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. घर देणारा दाखला नाकारत असेल तर तसं नोंदणी कार्यालयाला कळवणं हे राहणाऱ्याचंच कर्तव्य आहे, असा इथला कायदा आहे म्हणे. तुमचं नाव त्यांनी फार आदरानं विचारलं, दादा. स्पेलिंगसकट. त्या रात्री झोपायला तुमचीच गादी होती म्हणून मी म्हटलं, नंतर कळवतो.

पुढचं सगळं ओळीनं आलं. नोंदणी नाही म्हणून माझ्या बँकेनं खातं अडवलं. खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटातले महिन्याचे ९९२ युरो सुटेनात. पडद्यावर बारा लाख दिसायचे आणि खिशात ट्रामपुरते पैसे नसायचे. कर क्रमांकाचं पत्र नोंदणी झाल्यावरच निघतं, म्हणून जिथं भांडी विसळायला लागलो तिथं पगारातून सगळ्यात चढ्या दरानं कर कापला गेला. आणि व्हिसा काही महिन्यांचाच असतो. तो संपण्याआधी राहण्याचा परवाना काढायचा, त्यालाही नोंदणीचाच कागद. आईला यातलं काही सांगितलं नाही. ती रोज एकच विचारायची, "दादा भेटतात ना? त्यायचं ऐकत जाय."

तुमचं ऐकायला मी तयार होतोच. दाखल्याचा विषय पुन्हा काढला तेव्हा तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "पायजेच असन त एक सोय हाय. स्पांडाऊचा पत्ता. तीनशे युरो." म्हणजे झोपायचं एका घरात आणि सरकारी कागदावर राहायचं जन्मात न पाहिलेल्या दुसऱ्या घरात. प्रत्यक्ष कुणी राहत नसताना नोंदणीपुरता पत्ता पुरवणाऱ्याला इथं ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. एवढी जोखीम तीनशेत घेता म्हणजे आमच्यावर तुमची माया असणार. अचलपूरच्या पोरानं दिलेही तीनशे. तो घाबरून आता पोलिसाची गाडी दिसली तरी रस्ता बदलतो.

मग एका शनिवारी तुम्ही गडबडीत होतात. फोन वाजला, पिशव्या उचलल्यात आणि ओट्यावर एक पाकीट विसरलात. वर इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचा शिक्का. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करत आम्ही पाचही जण ओट्याभोवती उभे राहून ते वाचत होतो. सगळ्या घराचं भाडं, हीटिंग धरून, महिन्याला ८९० युरो. शिवाय एक ओळ: लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवू नये याची आठवण. यवतमाळच्या पोरानं तिथंच गुणाकार केला. पाच गाद्यांचे २,२५०. कुणी काही बोललं नाही, मग नांदेडवाल्यांपैकी धाकटा म्हणाला, "म्हणजे आपण दादाला पोसायलोत."

अडत्याही असाच मधल्या मधे खातो, पण तो निदान बाजार समितीत परवाना काढून, गादीवर बसून, पट्टी हातात देऊन खातो.

मला राग भाड्याचा नाही. बर्लिनमध्ये खोल्यांची टंचाई आहे आणि टंचाईत लोक हात धुऊन घेतात. जर्मनही घेतात, सगळेच घेतात. जर्मनानं लुबाडलं असतं तर मी घरी फोन करून शिव्या घातल्या असत्या आणि बाबांनी त्यात भर घातली असती. तुमच्याबद्दल घरी सांगायची सोयच तुम्ही ठेवली नाहीत. आमच्या घरात तुम्ही देवघराच्या खालोखाल. जे काम शंभर इमेलांना जमलं नसतं ते तुमच्या एका "जेवला काय?"नं केलं, आणि त्या दोन शब्दांवर तुम्ही महिन्याला तेराशे साठ युरो काढत होतात. बाटल्या आणि वर्गणी वेगळी. वऱ्हाडी बोलीला एवढा भाव आजवर कुठल्याच साहित्य संमेलनानं दिला नसेल.

तुम्ही स्वतःला वऱ्हाडचे राजदूत म्हणवता, म्हणून एका जुन्या वऱ्हाडी विद्यार्थ्याची आठवण देतो. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा शेतकऱ्याचा मुलगा, १९२० साली विलायतेला शिकायला गेला. त्याच्यासाठी वडिलांनी शेत गहाण टाकलं, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात. एडिंबरोला शिकला, ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतली, बॅरिस्टर झाला. परत आल्यावर अमरावतीत त्यानं श्रद्धानंद छात्रालय काढलं, सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहावीत म्हणून. पुढं शिवाजी शिक्षण संस्था काढली, देशाचा कृषिमंत्री झाला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्याचंच नाव आहे. तुम्ही तिथलेच पदवीधर ना? फोनवर अभिमानानं सांगितलं होतंत. भाऊसाहेबांनी, म्हणजे पंजाबराव देशमुखांनी, परदेशात राहून छात्रालय काढायचं शिकून घेतलं; तुम्हीही शिकलात, फक्त परत यायचं तेवढं राहिलं.

इरावतीबाई कर्वे १९२० च्या दशकात याच बर्लिनमध्ये डॉक्टरेट करायला आल्या होत्या. त्यांना तुम्ही भेटला नाहीत, हे मराठी मानववंशशास्त्राचं नशीब.

असो. आता कामाचं.

डिसेंबरात मला वसतिगृहात जागा मिळाली आणि नोंदणी झाली. तुम्हाला घर सोडल्याचं लिहून कळवलं, डिपॉझिट मागितलं, तर उत्तर आलं, "कोनतं डिपॉझिट? पावती दाखव." बरोबर आहे, पावती तुम्ही कुणालाच देत नाही. पण आमचे बाबा फोनपे वापरत नाहीत. तुमच्या साळेबुवांच्या खात्यावर पैसे टाकायला ते बँकेत गेले होते, रांगेत उभे राहून स्लिप भरली होती, आणि कशाचे पैसे त्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मुलाच्या बर्लिनच्या खोलीचे डिपॉझिट'. बँकेचा शिक्का असलेली ती चिठ्ठी सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवलेली निघाली. तिचा फोटो माझ्याकडे आहे, आणि विद्यापीठात विद्यार्थ्यांना मोफत कायदेशीर सल्ला देणाऱ्या वकीलबाईंकडेही. त्यांनी तुमच्याकडे पत्र पाठवलं आहे. तुमचं नाव पेटीवर आहे, तेव्हा ते पोचेल.

नोंदणी कार्यालयातल्या बाईंना राहून गेलेलं स्पेलिंगही कळवून टाकलं.

मार्चअखेर अंजनगावची दोन पोरं येत आहेत. तुमचा त्यांच्याशी फोन झाला आहे, जेवले का तेही तुम्ही विचारलंत. त्यांना घ्यायला विमानतळावर मी जातो आहे, तुम्ही तसदी घेऊ नये. डाळ त्यांनी स्वतःपुरतीच बांधून घेतली आहे आणि खर्रा आणायला मी नाही म्हटलं.

९०० युरो पंधरा दिवसांत. रुपयांत दिले तरी चालतील, बाबांच्या खात्यावर. बाटल्यांचे पैसे धरलेले नाहीत.

कळावे,
आपलाच माणूस,
अकोट, हल्ली मुक्काम बर्लिन